दोन छोट्या अॅल्युमिनियम बोटींपैकी कुठली घ्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारा-चौदा फुटी अॅल्युमिनियम बोट आणि मागे आऊटबोर्ड इंजिन, या विषयावर मला जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र केलेत. बहुतेकांची अडचण एकच असते, दोन बोटी समोर असतात आणि ठरत नाही. मी दोन्ही प्रकारच्या बोटी वर्षानुवर्षं वापरल्यात, म्हणून जे हाताखालून गेलंय तेवढंच लिहितोय.

१. दोन बोटी बघून ठेवल्यात. एक १२ फुटी सपाट तळाची, एक १४ फुटी व्ही तळाची. सरळ सांगा, कुठली घेऊ?

सरळ सांगायचं तर आधी मला तुमचं पाणी सांगा. आणि पाणी म्हणजे सकाळी सहाला आरशासारखं असतं ते नाही, दुपारी वारा सुटल्यावर परत यायचं असतं ते पाणी. लहान तळं, संथ नदी, उथळ खाडीचा आतला भाग, जिथे वारा सुटला तरी लाट वीतभरच्या वर जात नाही, तिथे १२ फुटी सपाट तळाची आरामात चालते आणि हलकी असल्याने उचलायला सोपी जाते. मोठा जलाशय असेल, समोरचा काठ लांब दिसत असेल, वारा आडवा येत असेल तर १४ फुटी व्ही घ्या, यात दुसरा विचार करू नका. लोक बोट निवडताना चांगला दिवस डोळ्यापुढे ठेवतात आणि मग वाईट दिवशी अडकतात, त्यामुळे मी प्रत्येकाला आधी हेच विचारतो.

दुसरा प्रश्न, बोट उचलणार कोण? एकटे असाल आणि गाडीच्या टपावर टाकून न्यायची असेल तर बारा फुटीच. त्यातही हलकी बघा, कारण ७०-८० किलोची बोट एकट्याने टपावर चढवताना कंबर मोडते. ट्रेलर असेल तर हा मुद्दा गेलाच.

२. सपाट तळ आणि व्ही तळ यात बसल्यावर नक्की काय फरक जाणवतो?

सपाट तळाची बोट उभी असताना घट्ट वाटते. कडेला वाकून जाळं किंवा मासा उचलला तरी ती फार कलत नाही, आणि वीतभर पाण्यातही तरंगते. पण लाट आली की तळ पाण्यावर आपटतो. ताशी २५-३० किलोमीटरला साधी फूटभर लाट असली तरी दर लाटेला धप्प आवाज, दात एकमेकांवर आपटतात, आणि तासाभराने पाठ बोलायला लागते.

व्ही तळ लाट कापतो. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं तोंड, टोकदार असल्यामुळे पाणी दोन्ही बाजूंना फेकलं जातं आणि अंगावर कमी येतं. त्याच्या बदल्यात तीच बोट थांबल्यावर जास्त हलते, एका कडेला दोघं गेले तर लगेच कलते, आणि थोडं जास्त पाणी मागते. मधला प्रकार असतो तो म्हणजे पुढे व्ही आणि मागे जवळजवळ सपाट होत गेलेला तळ. छोट्या बोटींमध्ये मला तोच सगळ्यात आवडतो, कारण लाट पुढच्या भागाला लागते आणि बोट तरंगते मागच्या भागावर. बोट बघताना फक्त नाळेकडे बघून व्ही ठरवू नका, मागे जाऊन खाली वाका आणि ट्रान्समपाशी, म्हणजे इंजिन लावतात त्या मागच्या उभ्या भिंतीपाशी, तळाचा कोन किती राहिलाय ते बघा.

३. दोनच फुटांचा फरक आहे, एवढं काय त्यात?

दोन फूट लांबीला मिळतात, पण त्याबरोबर रुंदीही वाढते आणि खरा फरक तिथे पडतो. दोन बोटींची लांबी सारखी असेल तर मी डोळे झाकून रुंद घेईन. जॉन बोटींच्या, म्हणजे सपाट तळाच्या बोटींच्या, मॉडेलवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ १४३६ किंवा १४४८, त्यात पहिले दोन म्हणजे लांबी फुटात आणि पुढचे दोन म्हणजे तळाची रुंदी इंचात. ३६ इंचवाली आणि ४८ इंचवाली कागदावर एकाच लांबीच्या आहेत पण उभं राहून बघा, दोन वेगळ्या बोटी आहेत. काठाची रुंदी आणि तळाची रुंदी यात गल्लत करू नका, जाहिरातीत बऱ्याचदा काठाची मोठी रुंदी सांगतात आणि उभं राहायला उपयोगी पडते ती तळाची.

हळू चालवताना लांबीचा थोडा फायदा होतो. बोट पाण्यावर न चढता, म्हणजे वेगाने वर उचलली जाऊन पाण्यावरून घसरत न जाता, पाणी कापत चालते तेव्हा तिचा वेग पाण्यातल्या लांबीवर ठरतो, १२ फुटाला साधारण ४.६ नॉट म्हणजे ताशी साडेआठ किलोमीटर, १४ फुटाला पाच नॉट म्हणजे सव्वानऊ. त्यापुढे इंजिन कितीही रेटलं तरी ती पाण्यावर चढेपर्यंत नुसतं पेट्रोल जातं आणि मागे मोठी लाट उठते.

४. रिवेटवाली की वेल्डवाली?

वेल्डवालीला सांधे कमी, तेवढ्या गळायच्या जागा कमी, आणि पत्रा सहसा जाड. रिवेटवाली हलकी, स्वस्त, आणि दुरुस्ती साध्या हत्यारांनी होते. रिवेटवाली म्हणजे कमी दर्जाची हे डोक्यातून काढा, विमानांचा पत्राही रिवेटनेच जोडलेला असतो. फक्त वर्षानुवर्षं लाटांवर आपटून काही रिवेट सैल होतात आणि थेंब थेंब पाणी यायला लागतं.

हे तपासायचा माझा ठरलेला उपाय सांगतो. बोट ट्रेलरवर किंवा नीट टेकू देऊन ठेवा, बूच लावा, आत टाचेपर्यंत पाणी भरा आणि खाली जाऊन कोरड्या कापडाने तळ पुसून काढा. मग नुसतं बघत बसा. दहा मिनिटांत एखाद्या रिवेटच्या डोक्याभोवती ओली गोल कडा दिसायला लागते, मग ती फुगते आणि थेंब सुटतो. मार्करने तिथे गोल करा. काठोकाठ मात्र भरू नका, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो आणि ते वजन पाण्याबाहेर तळावर पडणं चांगलं नाही. पाचसहा रिवेट गळत असतील तर घाबरायचं कारण नाही, आतून जड लोखंड धरून बाहेरून ठोकले की बरेचसे बसतात, बाकीचे काढून सीलंट लावून नवे घालता येतात. आख्खी ओळ गळत असेल तर बोट सोडा. आणि रिवेटच्या ओळीवर वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका, पातळ पत्रा उष्णतेने वाकतो आणि शेजारचे रिवेट सैल होतात.

५. पत्रा किती जाड पाहिजे?

रिवेटच्या छोट्या बोटींना साधारण १.३ ते १.८ मिलिमीटर असतो, वेल्डच्यांना २ ते ३. दगडगोट्यांच्या काठावर बोट ओढणार असाल तर २ च्या वर बघा. वाळू, चिखल असेल तर पातळही वर्षानुवर्षं टिकतो. नुसत्या जाडीपेक्षा आतल्या आडव्या पट्ट्या किती आणि किती जवळ आहेत तेही बघा, कारण जाड पत्रा पण पट्ट्या लांब लांब असतील तर तळ थरथरतो. मिश्रधातू विचारायचा असेल तर ५०५२ किंवा जास्त दणकट बोटींना ५०८३, ५०८६ असं उत्तर यायला पाहिजे.

६. इंजिन किती एचपीचं लावू?

वजन मोजा, अंदाज नको. समजा बोट ८० किलो, इंजिन ४५, दोन माणसं १५०, पेट्रोल, नांगर, सामान ४०. झाले ३१५ किलो. एका एचपीमागे १०-१२ किलो पडत असतील तर बोट झपकन पाण्यावर चढते, २० च्या आसपास असेल तर चढते पण वेळ लावते, २५ च्या पुढे गेलं की बहुतेक वेळा नाळ वर करून पाणीच नांगरत बसते. म्हणजे वरच्या बोटीला १५ एचपी ठीक, ९.९ ला दोघं असताना ती कुरकुरेल, एकट्याला मात्र तेच ९.९ पुरतं. नेहमी किती जणं असतात तेवढं धरा, वर्षातून एकदा येणारे चौघं धरू नका.

पेट्रोलचा ढोबळ हिशेब असा, पूर्ण वेगाला एका एचपीला तासाला एक तृतीयांश लिटर किंवा थोडं जास्त. १५ एचपीला पाच ते सहा लिटर. टाकीचे तीन भाग करा, एक जायला, एक यायला आणि एक हात न लावायला.

७. बोटीवर कंपनीने लावलेल्या प्लेटवर कमाल १५ एचपी लिहिलंय, पण मला २५ एचपी स्वस्तात मिळतंय. लावलं तर चालेल?

नाही. यात मी कधीच सवलत देत नाही. ती मर्यादा नुसती वेगासाठी नाही, २५ एचपीचं फोर स्ट्रोक ६० किलोच्या आसपास जातं, ते सगळं ट्रान्समच्या टोकाला, वर तुम्ही टिलर, म्हणजे इंजिन वळवायचा दांडा, धरून तिथेच बसलेले. मागचा काठ पाण्याच्या जवळ येतो आणि तुम्ही एकदम थ्रॉटल सोडलं की आपल्याच मागची लाट मागून आत येते. अपघात झाला तर विमावालाही पहिल्यांदा प्लेटच बघेल.

जुन्या बोटीला प्लेट नसेल तर माणसांचा ढोबळ आकडा असा काढतात, लांबी फुटात गुणिले रुंदी फुटात भागिले १५. १२ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असेल तर ३.६, म्हणजे तीन माणसं. हा आकडा शांत पाण्याचा आहे, वाऱ्यात त्यातला एक कमी करा.

८. शॉर्ट शाफ्ट आणि लाँग शाफ्ट म्हणजे काय, आणि बदल केला तर काय होतं?

शाफ्ट म्हणजे इंजिनाचा पाण्यात जाणारा पाय, त्याची लांबी ट्रान्समच्या उंचीला जुळायला पाहिजे. ट्रान्समची उंची मोजा, वरच्या कडेपासून तळाच्या मधल्या रेषेपर्यंत. १५ इंच म्हणजे ३८ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर शॉर्ट, २० इंच म्हणजे ५१ च्या आसपास असेल तर लाँग. इंजिन लावल्यावर पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली यायला पाहिजे. लाँग शाफ्ट छोट्या ट्रान्समवर लावलं तर पाय पाच इंच जास्त खोल जातो, ओढ वाढते, पाणी उडतं आणि उथळात दगडाला पहिला तोच लागतो. उलटं केलं तर पंखा हवा ओढतो, वळणावर इंजिन नुसतं भणभणतं आणि बोट पुढे जात नाही. दोन बोटींत निवड करताना इंजिन आधीच घरात असेल तर पहिली पट्टी इथे लावा, बऱ्याचदा निवड इथेच संपते.

९. टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक?

१५ एचपीचं टू स्ट्रोक ३५-३८ किलो, फोर स्ट्रोक ४५-५०. हलक्या १२ फुटीला हे दहा किलो जाणवतात, १४ फुटीला नाही. टू स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, बहुतेकांना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, पण आपल्या इंजिनाच्या पुस्तकात बघूनच. फोर स्ट्रोक पेट्रोल कमी पितं, हळू चालवताना शांत असतं, त्याचं तेल मात्र वेळेवर बदला, नवीन असेल तर पहिल्या २० तासांनी आणि मग दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा. काही ठिकाणी जुन्या टू स्ट्रोकना बंदी असते, घेण्याआधी आपल्या पाण्याचा नियम विचारून घ्या.

१०. वापरलेली बोट बघायला जातोय, काय बघू?

रिवेटचं प्र. ४ मध्ये आहे. दुसरी आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची जागा म्हणजे ट्रान्सम. बऱ्याच बोटींत दोन पत्र्यांच्या मध्ये प्लायवूड असतं आणि ते आतून कुजतं, बाहेरून काही दिसत नाही. इंजिनाचा पाय धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्याला वरची कड बघायला सांगा, कड जराशी जरी हलली तरी लाकूड गेलंय. इंजिन काढलेलं असेल तर ठोकून बघा, चांगलं लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं बद्द.

माझी पहिली बारा फुटी मी रंग बघून घेतली. ट्रान्समला ताजा हिरवा रंग होता, विकणारा म्हणाला हौसेने दिलाय. पहिल्या महिन्यात इंजिनाचे स्क्रू रोज सकाळी सैल सापडायचे, मी रोज आवळायचो. एके दिवशी स्क्रूची चकती लाकडात अर्धा सेंटिमीटर रुतलेली दिसली आणि रंगाखालून तपकिरी पाणी आलं. आतलं प्लायवूड मी शेवटी चमच्याने खरवडून काढलं, इतकं मऊ झालं होतं. तेव्हापासून ताजा रंग दिसला की मी आधी तिथेच ठोकतो.

तिसरं, बाकांखालचा फोम, बोट तरंगत राहावी म्हणून भरलेला. जुना फोम पाणी धरतो आणि बोट चाळीसेक किलोंनी जड होऊ शकते, कुणाला कळतही नाही. कंपनीचं कोरडं वजन माहीत असेल तर वजनकाट्यावर नेऊन बघा, नाहीतर एक टोक उचला, तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या बोटीपेक्षा जड लागली तर संशय घ्या.

११. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम टिकतं का?

टिकतं, पण दुसऱ्या धातूंपासून जपावं लागतं. खारं पाणी मध्ये आलं की अॅल्युमिनियम आणि तांबं, पितळ, शिसं, स्टेनलेस यांच्यात बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. माझ्या बोटीत बाकाखाली एक शिशाचं वजन पावसाळाभर ओल्यात पडून राहिलं. उचललं तर खाली पांढरी भुकटी, पुसली तर टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा, आणि खड्ड्यातून खालचा उजेड दिसत होता. तेव्हा तळात शिसं, नाणी, तांब्याच्या तारा काही पडू देऊ नका.

तांबं असलेला तळाचा रंग अजिबात लावायचा नाही. स्टेनलेसचा स्क्रू मारताना मध्ये गंजरोधक पेस्ट लावा. अॅनोड, म्हणजे बोटीऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, खाऱ्यात जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा, गोड्यात मॅग्नेशियमचा, आणि त्याला कधीच रंग लावू नका, रंग लावला की तो काम करत नाही. परत आल्यावर बोट आणि इंजिन गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्यासाठी दोन्हींतली एक निवडायची तर वेल्डवाली, कारण रिवेटच्या सांध्यात मीठ अडकून बसतं.

१२. आत प्लायवूडचा फ्लोअर टाकून सपाट करू का? दोन्ही बोटींना चालेल?

चालेल पण तीन गोष्टी सांभाळा. तांब्याचं औषध मुरवलेलं लाकूड अॅल्युमिनियमला खातं, कारण प्र. ११ मधलंच, त्यामुळे साधं मरीन प्लाय घेऊन इपॉक्सी लावा. वजन, प्लाय, कार्पेट, पेट्या धरून सहज ३०-४० किलो जातं आणि ते तुमच्या एका माणसाच्या जागेतून वजा होतं. आणि उंची, बाराफुटीत फ्लोअर बाकाच्या उंचीला नेला तर उभ्या माणसाचा भार इतका वर जातो की सपाट तळाचा सगळा फायदा संपतो. माझ्या मते १२ फुटीत फ्लोअर तळाला चिकटूनच ठेवा. बाकाखालचा फोम काढून कप्पे करायचा मोह होतो, तो करू नका, पुढचा प्रश्न वाचा.

१३. पाणी भरलं तर बोट बुडेल का?

अॅल्युमिनियम पाण्यापेक्षा २.७ पट जड असतं, म्हणजे फोम नसेल तर नक्की बुडेल. ८० किलोचा पत्रा पाण्याखाली साधारण ५० किलो भरतो, म्हणजे नुसता पत्रा तोलायला पन्नासेक लिटर फोम लागतो, त्यावर इंजिन आणि माणसं वेगळी. फोम बरोबर असेल तर बोट पाण्याने भरली तरी आडवी तरंगत राहते आणि तुम्ही तिला धरून राहू शकता. फोम फक्त पुढे असेल तर इंजिन मागे खाली जातं आणि नाळ बाटलीसारखी उभी राहते, तिला धरणं अवघड. दोन बोटी सारख्या वाटत असतील तर फोम कुठे आणि किती हे विचारा. बोट भरली तरी पोहत काठाकडे निघू नका, बोट सोडू नका. लाइफ जॅकेट अंगात पाहिजे, बाकाखाली नको.

१४. मी बहुतेक वेळा एकटाच असतो. १४ फुटी एकट्याला झेपेल?

चालवायला झेपते, पण मागे बसून टिलर धरलं की नाळ आभाळाकडे जाते, पुढचं दिसत नाही आणि वारा नाळेला धरून फिरवतो. पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर पुढे सरकवा, टिलरला लांब दांडा लावा आणि मधल्या बाकाच्या जवळ बसा. निम्मा त्रास तिथेच जातो. स्टिअरिंग कन्सोल लावला तरी वजन पुढे येतं, पण १४ फुटीत तो फार जागा खातो, बाराफुटीत तर लावूच नका.

एकटे असाल तर किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. माणूस पाण्यात पडला की मोकळं टिलर फिरतं आणि बोट गोल गोल फिरून त्याच्याकडेच येते, पंखा फिरत असतो. हे मी काठावरून डोळ्यांनी बघितलंय, त्या दिवशी दोरी अडकवलेली होती म्हणून इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं.

१५. बोट घेतली, पण पाहिजे तसा वेग येत नाही. दुसरी घ्यायला पाहिजे होती का?

आधी पंखा बघा. नेहमीचं वजन घेऊन पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएम बघा. पुस्तकात दिलेल्या मर्यादेपेक्षा, बऱ्याच इंजिनांना ती ५००० ते ६००० असते, आरपीएम कमी येत असतील तर कमी पिचचा पंखा लावा, जास्त येत असतील तर जास्त पिचचा (पिच म्हणजे पंखा एका फेरीत जितका पुढे जायला बनवलाय ते अंतर). एक इंच पिचला साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. मग ट्रिमची, म्हणजे इंजिनाचा कोन ठरवणारी, पिन एक भोक पुढे-मागे करून बघा. बोट घोड्यासारखी वर-खाली उड्या मारत असेल तर पिन आत घ्या आणि वजन पुढे न्या.

१६. मला फिशफाइंडर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र, लावायचाय, त्याचा सेन्सर तळाला आतून चिकटवला तर?

फायबरच्या बोटीत चालतं, अॅल्युमिनियममधून सिग्नल नीट जात नाही. ट्रान्समला मागे बाहेरून लावा, पंख्यापासून जरा लांब, आणि रिवेटच्या ओळीच्या मागे नको कारण तिथून बुडबुडे येतात. थेट पत्र्याला भोकं पाडण्यापेक्षा आधी एक प्लास्टिकची पट्टी बसवा आणि सेन्सर तिच्यावर लावा, जागा चुकली तर पट्टीवरच सरकवता येतो.

१७. दोन्ही सारख्याच वाटतायत, पाणीही मधलंच आहे, कधी शांत कधी वारा. आता?

मग दोन्हीत बसून बघा, काठावर नाही, पाण्यात. बोट पाण्यात टाकायला नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. मध्ये उभे राहा, एका कडेला पाऊल टाका, मग दोघंजण एकाच बाजूला जा आणि काठ पाण्यापासून किती वर राहतो ते वितीने मोजा. मागे टिलरपाशी बसून मागच्या काठाची उंचीही तशीच मोजा. नेहमी बरोबर येणाऱ्या माणसाला घेऊन जा, कारण तुम्हाला स्थिर वाटलेली बोट त्याला वाटेलच असं नाही आणि तो घाबरून कडेला धरून बसला तर बोटीचा तोल तिथूनच बिघडतो. तरीही ठरलं नाही तर जिच्यात मागचा काठ जास्त उंच राहिला ती घ्या.